ब्राह्मीनं विसरलेलं आठवतं का? डिमेंशिया आणि वनौषधींचा हिशेब

कुणाच्या घरी डिमेंशियाचं निदान झालं, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या यायच्या आत ब्राह्मीची बाटली घरात येते. शेजारच्या काकू मालकांगोणीचं तेल सुचवतात, अमेरिकेतला भाचा गिंकोच्या कॅप्सूल पाठवतो आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर हळदीच्या दुधाचा व्हिडिओ फिरतो. त्यात लेकानेमॅब, डोनानेमॅब अशा महागड्या नव्या इंजेक्शनांच्या बातम्या. ती परवडणार नाहीत, निदान झाडपाला तरी करून बघू, असं वाटणं स्वाभाविक आहे.

या गडबडीत एक गोष्ट बहुतेकांच्या कानावर येतच नाही. डिमेंशियासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मोजक्या औषधांपैकी दोन मुळात वनस्पतींतूनच आली आहेत, आणि त्या दोन्ही वनस्पती विषारी आहेत. म्हणजे "झाडपाला चालतो का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. कुठलं झाड, त्यातलं कुठलं रसायन, किती, किती दिवस, कुठल्या माणसाला, आणि फरक पडला हे मोजलं कसं, एवढं विचारावं लागतं.

आधी आजार कोणता ते बघू

ताप हा जसा एक आजार नाही, मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही, तसंच डिमेंशियाचं आहे. स्मरणशक्ती, भाषा, हिशेब, दिशा यांचं भान इतकं घसरतं की रोजची कामं एकट्यानं जमेनाशी होतात. या अवस्थेला डिमेंशिया म्हणजे स्मृतिभ्रंश म्हणतात. तो होण्याची कारणं अनेक. सुमारे ६० ते ७० टक्के रुग्णांत कारण अल्झायमर असतं. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्यानं होणारा प्रकार वेगळा, पार्किन्सनबरोबर येणारा वेगळा. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेंशिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आमटीत मीठ घातलं की नाही हे न आठवणं म्हणजे डिमेंशिया नव्हे. चाळीस वर्षं केलेली आमटी करताना फोडणीनंतर पुढे काय करायचं हेच सुचेनासं झालं, तर मात्र डॉक्टरांकडे जायला हवं.

१९०६ मध्ये अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका मृत रुग्णाच्या मेंदूत दोन गोष्टी पाहिल्या: पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत झालेला गुंता. गोळे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे, गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा. ही पडझड विसरभोळेपणा दिसू लागण्याच्या १५-२० वर्षं आधीच सुरू झालेली असते. हे ध्यानात ठेवा. घरच्यांना शंका येते तेव्हा कित्येक पेशी गेलेल्या असतात, आणि मेलेली पेशी परत आणणारं औषध, झाडाचं किंवा कारखान्यातलं, आज कुणाकडेही नाही.

आटणारा झरा, हौद आणि बोळा

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो रसायनांमार्फत. आठवण आणि लक्ष यांच्याशी ज्याचा घनिष्ठ संबंध आहे ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. निरोप पोचला की एक विकर, म्हणजे काम घडवून आणणारं प्रथिन, ते लगेच मोडून टाकतं, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा मोकळी होते.

वाडीतला एक हौद डोळ्यांसमोर आणा. वरून झऱ्याचं पाणी पडतंय, खाली निचऱ्याचं भोक आहे. झरा वाहता असेपर्यंत भोकाचा काही त्रास नाही. अल्झायमरमध्ये अ‍ॅसिटिलकोलिन बनवणाऱ्या पेशी मरतात, म्हणजे झरा आटत जातो. आता निचऱ्याच्या भोकात बोळा कोंबला तर जे काही पाणी पडतंय ते जरा जास्त वेळ टिकेल, घागर भरता येईल. झरा मात्र आटतच राहणार.

डोनेपेझिल, रिवास्टिग्मीन आणि गॅलंटामीन ही तिन्ही औषधं म्हणजे असे बोळे आहेत. त्यांचा उपयोग किती आणि मर्यादा कोणती, दोन्ही या हौदात दिसतात. ७० गुणांच्या एका प्रमाणित चाचणीत सहा महिन्यांनी औषध घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी दोन-तीन गुणांनी बरे असतात. कुणाला त्यामुळे वर्षभर स्वतःच्या हातानं आंघोळ-जेवण जमतं, कुणाला काहीच फरक पडत नाही.

विषातून निघालेली दोन औषधं

नायजेरियातल्या कालाबार भागात गुन्हेगार ठरवण्याची एक रीत होती. संशयिताला एका वेलाच्या बिया खायला लावायच्या. मेला तर गुन्हेगार, ओकून जगला तर निर्दोष. १८५५ मध्ये एडिंबरोच्या रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी या बीचा छोटा तुकडा स्वतः खाऊन पाहिला आणि चांगलेच आजारी पडले. १८६४ मध्ये त्यातून फायसोस्टिग्मीन हे रसायन वेगळं काढलं गेलं. ते निचरा बंद करतं, पण सगळ्या अंगातला. त्यामुळे उलट्या होतात, घाम फुटतो, नाडी मंदावते, आणि इतकं सोसून परिणाम टिकतो थोडाच वेळ. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मार्टा वाइनस्टॉक यांनी त्या रेणूची घडण बदलून रिवास्टिग्मीन तयार केलं, आणि २००० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

हे औषध पाठीला चिकटवायच्या पट्टीच्या रूपातही मिळतं, त्यामुळे मळमळ कमी होते. पट्टी वापरताना घराघरांत होणारी चूक एकच: जुनी पट्टी न काढता नवी लावणं. अशा दोन-तीन पट्ट्या पाठीवर राहिल्यानं जास्त मात्रा जाऊन रुग्ण दगावल्याची उदाहरणं आहेत. पट्टी रोज ठरलेल्या वेळी बदलावी, कोरड्या आणि केस नसलेल्या त्वचेवर लावावी, आणि त्याच जागी पुन्हा १४ दिवस लावू नये. पट्टीवर पेननं तारीख लिहिली की घोळ होत नाही.

दुसरं औषध गॅलंटामीन. युरोपात बर्फ वितळताना उगवणाऱ्या स्नोड्रॉप या पांढऱ्या फुलाच्या जातीतून ते १९५० च्या दशकात सोव्हिएत आणि बल्गेरियन संशोधकांनी पुढे आणलं. पहिला वापर पोलिओनंतरच्या लुळेपणावर झाला; अल्झायमरसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती २००१ मध्ये. हेच रसायन डॅफोडिलच्या कंदातही असतं आणि त्यासाठी वेल्सच्या डोंगराळ भागात डॅफोडिलची शेती केली गेली आहे. म्हणून कुणी डॅफोडिलचा कंद चिरून भाजीत घालत नाही. कांदा समजून खाल्लेल्यांना उलट्यांनी बेजार केलंय. औषध म्हणून मात्र सुरुवात दिवसाला ८ मिलिग्रॅमपासून, जेवणाबरोबर, आणि निदान चार आठवडे तिथे थांबून मगच १६. नाडी आधीच मंद असेल तर डॉक्टर आधी ईसीजी बघतात.

झाडात औषध असतं, ही समजूत खरी ठरली. पण झाडापासून गोळीपर्यंत यायला एका बीला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. एवढा वेळ मात्रा ठरवण्यात, रेणू सुधारण्यात आणि माणसांवर मोजून बघण्यात गेला.

ब्राह्मी: नाव एक, झाडं दोन

आता घरच्या वनस्पतींकडे येऊ. ब्राह्मी विकत आणताना पहिला घोळ नावाचाच होतो. या नावाखाली दोन अगदी वेगळी झुडपं विकली जातात.

एक बॅकोपा मोनिएरी, म्हणजे नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी. ओढ्याकाठी, भाताच्या खाचरात, पाणथळ जागी पसरते. पान जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचं, जाडसर आणि रसरशीत, देठ जवळजवळ नाहीच, पानं समोरासमोर. फूल पांढरट-जांभळट. पान चावलं तर कडू लागतं.

दुसरी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी; मराठीत कारिवणाही म्हणतात. पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बोथट दाते, देठ लांब. जमिनीवर दोरीसारखं धावणारं खोड, आणि त्याच्या पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटलेली. कुंडीत "ब्राह्मी" म्हणून लावलेलं रोप पुष्कळदा हेच असतं.

हिरवी असताना दोन्ही शेजारी ठेवली तर शाळकरी मूलही फरक सांगेल. वाळवून दळली, की चूर्णाच्या डबीतून कुणालाच ओळखता येत नाही. प्रयोगशाळेतच तपासावं लागतं. दोघींतली रसायनंही निराळी. नीरब्राह्मीत बॅकोसाइड्स, मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड आणि त्याचे भाऊबंद. त्यामुळे एकीवर झालेल्या अभ्यासाचा दाखला देऊन दुसरी विकणं म्हणजे हापूसची पावती दाखवून पायरी गळ्यात मारणं.

नीरब्राह्मीवर माणसांत खरोखर चांगले प्रयोग झाले आहेत. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेनं बॅकोसाइड्सचं प्रमाण ठरवून दिलेला अर्क तयार केला. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५५ वर्षांपुढच्या ९८ जणांना घेतलं. काहींना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क, काहींना हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी. १२ आठवड्यांनी अर्क घेणाऱ्यांना ऐकलेली शब्दांची यादी जास्त चांगली आठवत होती. पोट बिघडण्याच्या तक्रारीही त्याच गटात जास्त: मळमळ, पोटात मुरडा, वारंवार शौचाला जावं लागणं. असे आणखीही काही प्रयोग आहेत, बहुतेक लहान आणि तीन महिन्यांचे.

यातला कळीचा शब्द बाटलीवर छापलेला नसतो. ही सगळी माणसं निरोगी होती. शब्दांची यादी आठवणं सुधारलं हे खरं, पण अल्झायमर झालेल्या माणसाला ब्राह्मीनं घराचा पत्ता आठवू लागला किंवा आजार थांबला, असं दाखवणारा मोठा, नीट आखलेला प्रयोग झालेला नाही. धडधाकट माणसाच्या चालण्याचा वेग वाढवणारा व्यायाम मोडलेल्या पायाला चालेलच असं नाही.

मात्रेचंही गणित करून बघा. अशा एका प्रयोगात वापरलेल्या अर्काचे ३०० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ६ ग्रॅम वाळलेली वनस्पती. चहाचा अर्धा चमचा चूर्ण दीडएक ग्रॅम भरतं. शिवाय कुठल्या महिन्यात तोडली, सावलीत वाळवली की उन्हात, यावर बॅकोसाइड्स कमी-जास्त होतात. म्हणजे एका डबीत काहीच नाही आणि दुसरीत बरंच, असं होऊ शकतं. आणि हो, ब्राह्मी तेल. डोक्याला चोळून बरं वाटतं, झोप लागते, जरूर चोळा. कवटीतून आत ते जात नाही.

"पण उंदरांवर सिद्ध झालंय!"

वनौषधींच्या जाहिरातीत हमखास येणारं वाक्य. ते समजायला धोत्र्याकडे जावं लागेल. धोत्र्यात अ‍ॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन असतं. ही रसायनं अ‍ॅसिटिलकोलिन कमी करत नाहीत. ते जिथे जाऊन बसायचं त्या जागाच अडवतात. हौदात पाणी आहे, पण घरातल्या सगळ्या घागरी पालथ्या. म्हणून धोत्रा पोटात गेलेला माणूस बरळतो, हवेत काहीतरी वेचतो, माणसं ओळखत नाही, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला त्यातलं काही आठवत नाही. यावरचा एक उतारा म्हणजे मघाचंच कालाबार बीमधलं फायसोस्टिग्मीन! एका विषारी झाडावर दुसरं विषारी झाड.

प्रयोगशाळेत उंदराला "विसरभोळा" करण्याची सगळ्यात स्वस्त आणि झटपट युक्ती हीच आहे: स्कोपोलामीन टोचायचं. मग त्याला एखाद्या वनस्पतीचा अर्क द्यायचा आणि तो चक्रव्यूहातून वाट काढतो का बघायचं. ज्या कुठल्या अर्कात निचरा थोडाफार अडवणारं काही असेल, त्यानं हा उंदीर सुधारतो. मालकांगोणी, शंखपुष्पी, ब्राह्मी, कितीतरी वनस्पती या परीक्षेत पास झाल्या आहेत. पण या उंदराचा झरा आटलेलाच नव्हता. त्याच्या मेंदूत अमायलॉइड नाही, टाऊचा गुंता नाही, पेशी मेलेल्या नाहीत. नुसत्या घागरी पालथ्या होत्या, त्या सुलट्या केल्या. त्यावरून अल्झायमरबद्दल फार काही कळत नाही.

याच धाग्यातून एक घरगुती उपयोगाची गोष्ट निघते. घागरी पालथ्या घालणारी औषधं आपल्या औषधांच्या डब्यातही असतात: सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामीन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलीन, लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन, हात थरथरतात म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल. सत्तरीतल्या माणसाला यातली दोन एकत्र सुरू असतील तर विसराळूपणा वाढतोच. एक डॉक्टर निचऱ्यात बोळा घालतोय आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घागरी पालथ्या घालतेय, असा प्रकार दुर्मीळ नाही. अशा वेळी ब्राह्मी सुरू करण्यापेक्षा, डॉक्टरांना विचारून एखादी गोळी बंद करणं जास्त लाभाचं.

"मोठे प्रयोग कुणी करतच नाही"

झाडाचं पेटंट मिळत नाही, म्हणून कंपन्या पैसे घालत नाहीत, असं म्हटलं जातं. यात तथ्य आहे, पण गिंकोच्या बाबतीत मोठे प्रयोग झाले आणि व्यवस्थित झाले. गिंको म्हणजे चीनमधलं पुरातन झाड. पान पंख्याच्या आकाराचं. अमेरिकेत सरकारी पैशानं ७५ वर्षांपुढच्या ३,०६९ जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांना गिंकोच्या पानांचा प्रमाणित अर्क १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निम्म्यांना खोटी गोळी, सुमारे सहा वर्षं. २००८ मध्ये निकाल लागला. गिंको गटात २७७ जणांना डिमेंशिया झाला, खोट्या गोळीच्या गटात २४६ जणांना. म्हणजे बचाव शून्य. फ्रान्समध्ये २,८०० हून अधिक लोकांवर पाच वर्षांचा प्रयोग झाला, २०१२ मध्ये त्याचाही निष्कर्ष तोच.

चीनमध्ये हुपर्झीन नावाचं रसायन एका नेच्यासारख्या वनस्पतीतून काढतात आणि तिथे ते वापरातही आहे. तेही बोळाच. अमेरिकेतल्या प्रयोगात २०० मायक्रोग्रॅम दोनदा देऊन आकलनाच्या चाचणीत फरक पडला नाही.

खोट्या गोळीचा एवढा आग्रह का? कारण आठवणीची चाचणी दुसऱ्यांदा देताना माणूस तसाही जरा बरं करतो, सरावानं. काहीतरी उपाय सुरू झाला म्हणून घरातली माणसं जास्त बोलतात, जेवण-झोप वेळेवर होते. डिमेंशियात चांगले आणि वाईट दिवस आलटून पालटून येतात, आणि आपण औषध सुरू करतो ते वाईट आठवड्यात. पुढचा आठवडा बरा गेला की श्रेय चूर्णाला.

हळद आणि बाकीची मंडळी

हळदीतलं कर्क्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे चमचाभर हळदीत ९० मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातलंही आतड्यातून रक्तात फार थोडं जातं. मिऱ्यातल्या पिपेरीननं ते प्रमाण वीसपट वाढतं हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. पण पिपेरीन फिटच्या फेनिटॉइनसारख्या औषधांची रक्तातली पातळीही वाढवतं, हे व्हिडिओत सांगत नाहीत. अल्झायमरच्या ३६ रुग्णांना रोज २ ते ४ ग्रॅम कर्क्युमिन २४ आठवडे देऊन काही फायदा दिसला नाही. डिमेंशिया नसलेल्या ४० जणांवरच्या २०१८ च्या प्रयोगात, सहज शोषला जाणारा प्रकार दीड वर्ष देऊन, स्मरणशक्ती थोडी सुधारली. चाळीस माणसं म्हणजे एका लग्नातली एक पंगत. त्यावरून आख्ख्या गावाचं सांगू नये. आमटीतली हळद चालू ठेवा. कॅप्सूल घेत असाल तर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, एवढं माहीत असू द्या. सुटी हळद घेताना डोळ्यांत भरणाऱ्या पिवळ्याजर्द रंगावर भुलू नका; तो रंग लेड क्रोमेटचा असला तर त्यातलं शिसं मेंदूलाच घातक.

शंखपुष्पी या नावाखाली तर चार झाडं आहेत. केरळात गोकर्णाला शंखपुष्पी म्हणतात, कुठे विष्णुक्रांतेला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली नोंद महत्त्वाची आहे: फेनिटॉइनवर असलेल्या रुग्णांनी शंखपुष्पीचं औषध घेतलं आणि आटोक्यात असलेल्या फिट पुन्हा आल्या. नंतर उंदरांवर तपासलं, तेव्हा फेनिटॉइनची रक्तातली पातळी खाली गेलेली आढळली. स्ट्रोकनंतरच्या डिमेंशियात फिटचं औषध सुरू असणं नेहमीचंच, म्हणून हा धोका कागदावरचा नाही.

अश्वगंधा झोपेला मदत करते असं काही प्रयोगांत दिसतं. पण थायरॉइडची पातळी वाढणं आणि यकृताला इजा होणं यांच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. वेखंड आपल्याकडे बाळगुटीतही उगाळतात. त्यातल्या बीटा-असारोननं उंदरांत कर्करोग झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेनं १९६८ मध्ये ते खाद्यपदार्थांतून हद्दपार केलं, आणि भारतीय वेखंडात हे रसायन भरपूर असतं. ज्येष्ठमध रोज मोठ्या मात्रेत घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. रक्तवाहिन्यांच्या डिमेंशियात रक्तदाब हाच मूळ शत्रू, त्यामुळे तिथे ते नकोच.

"चरकांनी सांगितलंय, ते खोटं का?"

चरकसंहितेत मेध्य रसायनं, म्हणजे बुद्धी आणि स्मरण जपणारी औषधं, म्हणून चार सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क. म्हणजे ताजा रस, वाटलेला गोळा, माणसाची पचनशक्ती बघून ठरवलेली मात्रा. रसायन ही कल्पना मुळात टिकवण्याची, जपण्याची. तिथून थेट "अल्झायमर मुळापासून बरा" अशा बाटलीवरच्या वाक्यावर उडी मारणं ही चरकांची चूक नाही, विकणाऱ्याची आहे. १९५४ च्या जादूटोणावजा औषध-जाहिरातींना आळा घालणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या यादीत मेंदूचे विकार आहेत. ते बरे करण्याची जाहिरात करायला मनाई आहे. तशी जाहिरात दिसली, की विकणारा कायदा मोडतोय एवढं तरी नक्की.

चौघांतल्या गुळवेलीचं उदाहरण बोलकं आहे. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की ती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे तपासलंच नाही. दोघांपैकी कुणाचंही खरं धरा, गिऱ्हाइकाला आपण नेमकं काय गिळतोय हे माहीत नव्हतं, हे उरतंच. बॉस्टनमधल्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ही २००४ ची गोष्ट.

"मग अ‍ॅलोपॅथीनं तरी काय दिवे लावले?"

प्रश्न रास्त आहे. लेकानेमॅब अमायलॉइडचे गोळे खरोखर कमी करतं, तरीही १८ गुणांच्या मोजपट्टीवर दीड वर्षानंतरचा फरक ०.४५ इतकाच. तोही अगदी सुरुवातीच्या रुग्णांत, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका पत्करून. ब्राह्मी आणि हे इंजेक्शन यांत खरा फरक असा, की इंजेक्शनानं किती कमी फायदा होतो हे आपल्याला आकड्यात माहीत आहे.

चूर्णाआधी काय, आणि घेणारच असाल तर कसं

विसरण्याची काही कारणं पूर्ण किंवा बऱ्याच अंशी सुधारतात, आणि झाडपाल्यात गेलेले सहा महिने तिथे महागात पडतात. बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत नेहमीची. मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं घेतलेली पित्ताची गोळी ती आणखी वाढवतात. थायरॉइड मंदावणं, सोडियम उतरणं, नैराश्य. महिनाभरापूर्वी न्हाणीघरात पडून डोक्याला मार लागला असेल तर कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त. म्हणून हिमोग्राम, बी-१२, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), साखर, सोडियम आणि डोक्याचा सीटी किंवा एमआरआय एवढं आधी. कानही तपासून घ्या. न ऐकू आलेलं माणूस "विसरलं" असं आपण धरून चालतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली, त्यात बहिरेपणा आहे, रक्तदाब आहे, धूम्रपान आहे, एकटेपणा आहे. डिमेंशियाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण या कारणांशी जोडलेले आहेत.

हे सगळं करून ब्राह्मी द्यायचीच असेल, तर लेबलवर बॅकोपा मोनिएरी हे नाव, बॅकोसाइड्सचं प्रमाण, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक आहे का बघा. एका वेळी एकच वनस्पती. पाच वनस्पतींच्या मिश्रणानं पुरळ उठलं तर दोष कुणाला देणार? रिकाम्या पोटी नको, जेवणानंतर द्या. नाडी मंद असेल किंवा डोनेपेझिल आधीच सुरू असेल तर आधी विचारा, कारण ब्राह्मीतही थोडा बोळ्याचा गुण आहे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन असं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर गिंको अजिबात नको, रक्तस्राव होऊ शकतो. मोतीबिंदूच्या का होईना, शस्त्रक्रियेआधी घरातली सगळी चूर्णं आणि कॅप्सूल पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

सुरू करण्याच्या आदल्या दिवशी वहीत रोजची पाच-सहा कामं लिहा: सुटे पैसे मोजणं, गोळ्या आपणहून घेणं, शर्टाची बटणं लावणं, नातवंडांची नावं, देवपूजेचा क्रम. प्रत्येकापुढे एकट्यानं, सांगितल्यावर की अजिबात नाही, एवढीच खूण, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. १२ आठवड्यांनी पान उलटून बघा. फरक नसेल तर ब्राह्मी बंद करा. डॉक्टरांची गोळी मात्र त्याच दिवशी आपल्या मनानं थांबवू नका. बोळा एकदम काढला की उरलंसुरलं पाणी काही आठवड्यांत वाहून जातं, आणि पुन्हा गोळी सुरू केली तरी आधीची पातळी परत येईलच असं नाही.